फणसेभाईंची पाटी

पहिली लिहिली तेव्हा पत्रा माझाच होता,
तेलाच्या डब्याचा.
'तुकोजी फणसे, नगरसेवक.'
पैसे? यायचेत अजून.

विश्वामित्री चढली त्या साली
हा माणूस कमरेइतक्या पाण्यात
बांबूनं मगर लोटत उभा,
आणि गच्चीवरून आमची आई ओरडतेय,
'फणसेभाई, दूध आणलंत का?'
आणलं होतं.

मग आमदार.
गुजरातीतूनही लिही म्हणाले, लिहिलं.
गांधीनगरहून आले की दांडिया बाजारात
शेव-उसळ उभ्यानंच खायचे,
फक्त आता भोवती चारजण
न खाता उभे.

परवा कळलं, राज्यसभा.
ह्या खेपेला आमच्यातल्या कुणाच्या बोटाला
शाई नाही. वरच्या वर गेले.

टीव्हीवर पाहिलं. तीन मिनिटं मिळाली होती.
नद्यांवर बोलत होते, देशातल्या सगळ्या,
गंगेपासून सुरुवात केली
आणि आपल्या नदीशी यायच्या आत
घंटा वाजली. बसले.
बसताना हात कमरेशी गेला,
ओलं चाचपावं तसा.

नवी पाटी पितळेची आली, दिल्लीहून,
मशीननं कोरलेली. अक्षर चांगलंय.
जुना पत्रा मी मागून आणला,
मोरीच्या खिडकीला ठोकला,
नाव आतल्या बाजूला.