रुमालाखाली

उदगीर, रात्रीचे दोन दहा.
काट्याच्या सर्व्हिसला
बिलाची सर्व्हिस ओळख दाखवेना.
तीन वर्षांचा शेजार, एकच मशीन,
पण सर्टिफिकेटची मुदत संपलेली,
आणि नियम माझाच:
घरातला म्हणून कुणाला सोडायचं नाही.

दाळमिलवरून बसलिंगचा फोन:
"तुरीच्या गाड्या उभ्या हायेत, ताई.
दोघं आपलेच की. जाऊ द्या."

हाळीच्या बाजारात सिद्राममामा
रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा भाव करायचे.
मी विचारलं की रुमाल झटकायचे. रिकामा.
पण हात देण्याआधी
समोरच्याचं तोंड निरखायचे,
सख्खा भाऊ असला तरी.

नवं सर्टिफिकेट दिलं.
दोघांनी एकमेकांना कागद दाखवले.
वजन निघालं.
वाटेत मी डोकावले:
नुसता रुमाल हलत होता.