हमीपत्र

गोत्री रोडच्या पुढे, टाइल्सच्या शोरूमवर, दुसरा मजला.
आधी टॅबलेटवर बोटानं सही करायची:
मान मोडली तर आम्ही नाही,
दात पडला तर आम्ही नाही.
पाठ, गुडघा, हृदय, गर्भ,
सगळ्यांपुढे एकेक चौकोन.
मी सगळीकडे 'नाही'वर बोट टेकवत गेले.
पाठीच्या बाबतीत खोटं बोलले.
बोटानं केलेली सही माझी वाटतच नव्हती,
'पागे'मधला काना पडायच्या बेतात.

सातशे रुपये, दोघांचे, एक तास.
मोज्यांचे वेगळे. पोपटी, तळव्याला रबरी ठिपके.
घरचे नाही चालणार, बेन.
मनगटाला नारिंगी पट्टी चिकटवली,
दवाखान्यात बाळाच्या पायाला बांधतात तशी.

ओजस तोवर पसार.
भिंतीवर धावून जातो, भिंत त्याला परत करते,
तो पुन्हा जातो.
मी पर्स सांभाळणाऱ्या बायकांच्या रांगेत
बसणार होते. बसलेच होते.
आत कुणाच्या तरी वाढदिवसाची वीस पोरं,
केकचा वास, त्यात मोज्यांचा वास,
आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला जिगर,
असेल एकोणीसेक वर्षांचा, ओरडतोय:
एक चौकोन, एक माणूस! एक चौकोन, एक माणूस!

आमच्या दोन खोल्यांत
असं कुणी ओरडलं असतं तर.

उठले.
पहिली उडी म्हणजे नुसत्या टाचा उचलल्या.
दुसरीत चष्मा नाकावरून निघाला, तो मुठीत धरला.
तिसरीत छत जवळ आलं, पत्रे, पाइप, कोळ्याचं जाळं,
आणि पोटात ती जुनी गुदगुली,
कमाटीबागेतल्या झोक्यावरची.
चौथीत कळलं.

थोडंसंच. पण कळलं.
नऊ वर्षांपूर्वी चार किलोचा ओजस
ज्या वाटेनं आला
त्या वाटेवरचं दार अजून नीट लागत नाही.
हे कुठल्याच चौकोनात विचारलं नव्हतं.

मांड्या आवळून उभी राहिले,
खेळात कुणी 'स्टॅच्यू' म्हटल्यासारखी.
शेजारच्या चौकोनातली, माझ्याच वयाची, घामानं निथळणारी,
उडता उडताच म्हणाली,
काळी पँट घालून यायचं, बेन.
वर जाताना 'काळी', खाली येताना 'पँट'.
मी तर दर रविवारी येते.
आणि हसली, आणि हसल्यामुळे
तिलाही थांबावं लागलं, गुडघे जुळवून.
दोघी तशाच उभ्या, एकमेकींकडे बघत,
हसू दाबत, कारण हसणं परवडणारं नव्हतं.
जिगरनं शिट्टी वाजवली. का, ते त्यालाच ठाऊक.

मग गेम्स.
ओजसनं तीनदा पंजा खाली सोडला,
पंजानं तीनदा सशाचा कान धरला
आणि भोकापाशी आणून सोडून दिला.
बास्केटबॉलच्या यंत्रानं मात्र जीभ काढून दाखवावी
तशी तिकिटं बाहेर काढली, लांबच लांब.
दोनशे अठरा.
काउंटरवर दोनशेला एक खोडरबर, केळ्याच्या आकाराचं.
अठरामध्ये काहीच येत नाही.
त्यानं ती अठरा घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवली,
औषधाच्या पट्टीशेजारी.

खाली उतरून पाय टेकवला तर रस्ता मेलेला.
कितीही जोर लावा, परत काही देत नाही.
ॲक्टिव्हापर्यंत दोघं जडच्या जड,
नुकतंच चालायला शिकल्यासारखे.
डिकीतली ओढणी काढून मी सीटवर पसरली.
सीट तापलीय का, त्यानं विचारलं.
हो म्हटलं. दिवे लागले होते.
आजचं दुसरं खोटं.

रावपुऱ्यात एक दुकान अजून उघडं होतं.
काळी, एल, कमरेला इलॅस्टिक.
भाव नुसता विचारून ठेवला.