वहीत रकाना नाही

चार्ज हिंदीत दिला. वहीत इंग्रजी.
उरलं ते मराठीत, आत्ता, टेंपोत,
मफलरच्या आतल्या आत.

जानेवारी. किल्ला तिथेच असणार,
आज दिसत नाही.
टेंपोवाला मान बाहेर काढून
धुक्याला रस्ता विचारत चाललाय.

वहीत आहे: बेड चार, मुलगी,
चौदाशे ऐंशी ग्रॅम.
रात्री दोनला पस्तीस पॉइंट एक.
पहाटे पाचला छत्तीस पॉइंट सहा.
मधे काय झालं, त्याला रकाना नाही.

मधे असं झालं की
वॉर्मरवर आधीच दोघं होती
आणि लाइट जात होती, येत होती, जात होती.
आई वरच्या मजल्यावर, टाक्यांनी जखडलेली.
बाप दाराशी उकिडवा.
मुरैन्याचा. रामबरन.
गजकच्या भट्टीवर काम करतो.
म्हटलं, भैया, कमीज उतारो.
त्याला वाटलं, रक्त द्यायचंय. बाही वर केली.
पूरी.
त्यानं भिंतीकडे पाहिलं.
बाकावरून त्याची आई म्हणाली,
मरद की छाती में का धरो है?

काय धरलंय ते तिला दाखवलं.
टोपी आणि लंगोट एवढ्यावर मुलगी उचलली,
बेडकासारखे पाय, गाल एका कुशीला,
त्याच्या छातीवर पालथी ठेवली
आणि म्हातारीचीच शाल घेऊन
दोघांना एकत्र बांधलं.
त्याला गुळाचा वास येत होता. भट्टीचा धूरही.
त्यानं श्वासच धरून ठेवला,
जणू सोडला तर पोर उडून जाईल.
साँस लो, म्हटलं. तुम लोगे तो वो भी लेगी.

मग म्हटलं, बोला काहीतरी तिच्याशी.
काय बोलू, म्हणाला.
बराच वेळ गप्प.
नंतर मी पलीकडे ड्रिप मोजत असताना ऐकलं:
पहले गुड़ पकाते हैं, बिटिया.
फिर खूँटी पे टाँग के खींचते हैं,
खींचते हैं, जब तक सफेद न पड़ जाए.
फिर तिल डाल के कूटते हैं.
धीरे. नहीं तो परत टूट जाती है.
पुन्हा पहिल्यापासून. गुड़ पकाते हैं, बिटिया.
तीन तास.
म्हातारी बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं.

बेड नऊ, कन्हई, सहा वर्षांचा.
सुईच्या हाताला औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधलाय,
वर चिकटपट्टी, पट्टीवर मी पेनानं काढलेलं घड्याळ.
दहाला पाच कमी.
रात्रभर विचारत होता, कितने बजे?
रात्रभर दहाला पाच कमीच होते.
सकाळी म्हणाला, सिस्टर, इसकी सेल बदल दो.

बेड दोन रिकामा.
वेळ वहीत आहे. सही आहे.
बाळाला शेवटचं पुसलं ते कोमट पाण्यानं.
गारही चाललं असतं.
आई शेजारी उभी होती. रडली नव्हती अजून.
मी फडकं बुडवणार तर तिनं मला थांबवलं,
आपलं कोपर पाण्यात घालून पाहिलं,
मान हलवली. ठीक है.
मग मी पुसलं. कानामागेही.

एवढंच.
बाडा यायला अजून वेळ आहे.
समोर एकजण विडी पेटवायला बघतोय, काडी विझते, परत पेटवतो.
माझे तळहात केव्हाचे एकमेकांवर घासले जातायत,
कळलंच नाही.
बाळाला हात लावण्याआधी घासतो, तसे.
ड्यूटी संपली, इथे बाळ कुठलं,
पुढे टेंपोचा दांडा, लोखंडी, गारठलेला.
वळण आलं.
हात गरम झाल्यावरच
मी तो धरला.