अकरा मिलिमीटर

बिलिंगहॅमच्या पुढे, सील सँड्सच्या चिखलाकडे तोंड करून
पोर्टाकॅबिनमध्ये आम्ही आठ जण बसलोय
गुंतागुंत मोजायला.
हीटर चालू, काचेवर वाफ.
मुख्य कार्यालयानं धाडलेला तक्ता भिंतीवर:
सदतीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते सात गुण.

कंत्राटदार किती? चौदा. लिही पाच.
परवाने देणारी खाती?
गार्बट म्हणतो, मोजतेस कशाला, फार आहेत. लिही सहा.
हे तंत्र आधी कुणी वापरलंय?
नॉर्वेत, एकदा.
चाललं का?
हीटर गुरगुरतो. लिही चार.

चारच का, ते कुणी विचारत नाही.
पेन्सिल माझ्या हातात,
तेव्हा या न जन्मलेल्या कारखान्याची
सहाव्या रात्रीची सटवाई मीच.
फरक एवढाच, की तिला खोडरबर देत नाहीत.

अवघड म्हणजे काय ते मला कळतं.
बाराशे टनांचा सांगाडा उचलणं अवघड.
प्यू क्रेनखाली उभा राहून वाऱ्याचा वास घेतो,
नाही म्हणतो, दोन दिवस नाहीच म्हणतो,
तिसऱ्या पहाटे उचलतो.
अवघडाला वजन असतं. ते काट्यावर ठेवता येतं.

मार्चमधला तो सांगाडा मात्र
टीज नदीतून बार्जवर, पहाटेच्या भरतीला, वेळेवर आला.
वेळेवर! आम्ही टाळ्या वाजवल्या.
चौसष्ट भोकं इकडे, चौसष्ट भोकं तिकडे,
आणि एकही बोल्ट आत जाईना.
अकरा मिलिमीटर.
करंगळीच्या नखाएवढं.

दोन्ही नकाशे बरोबर होते.
त्यांचं शून्य जुन्या कारखान्याच्या उंबऱ्यावर,
आमचं शून्य नव्या खांबाच्या डोक्यावर,
आणि दोन्ही शून्यं एकाच मजल्यावर,
एकाच प्रिंटरवर छापलेली.
कागद घ्यायला दोघंही तिथंच उभे राहत असणार,
हवेबद्दल बोलत.

मोरीन थ्वेटनं हातमोजा काढून
फ्लँजवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.
म्हणाली, लोखंडाचं काही चुकलेलं नाही.
सात आठवडे गेले. पैसे किती, ते तक्त्यात नाही.

निरगाठ की सुरगाठ
हे दोरी ओढल्याशिवाय कळत नाही,
आणि ओढली, की कळून उपयोग नसतो.

प्रश्न बाविसावा: सांधे किती?
म्हणजे जिथं एकाचं काम संपून दुसऱ्याचं लागतं, त्या जागा.
दोनशे बारा. लिही सात, म्हणतात सगळे, पटकन,
जेवणाची वेळ झालीय.

मी सात लिहिते.
मग तक्ता उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला
एकेक सांधा मांडत जाते,
प्रत्येकाच्या अलीकडे एक नाव, पलीकडे एक नाव.
अलीकडचं नाव सगळ्यांना आहे.
पलीकडे एकसष्ट ठिकाणी नुसती रेघ.

संध्याकाळी सरासरी येते, चार पूर्णांक तीन.
पिवळा रंग. मध्यम.
गार्बट खूश, त्याला लाल नको होता.

मी कोट चढवते, चिखलातून
पायावाल्यांच्या कॅबिनकडे जाते.
दोनशे पावलं. दीड वर्षात पहिल्यांदा.
तिथला म्हातारा अँगस किटली लावतोय,
मागं न बघता विचारतो, साखर किती?

दोन, मी म्हणते,
आणि पहिली रेघ त्याच्यापुढे सरकवते.