टाकीचं माप

अक्कलकोट रोडला, दस्तगीरच्या यार्डात
टाक्या एकीवर एक, उन्हात.
मी गळ्यातला टेप काढला, युनिफॉर्मचं माप घेतो तोच.
"काय टेलर, हिला शर्ट शिवतो का बे?"

लांबी सव्वासत्तेचाळीस.
रुंदी एकोणचाळीस इंच तीन सूत.
गळा सहा इंच, झाकण आट्यांचं.
पांढऱ्या अंगाला शिवण कुठंच नाही,
हात फिरवला तर मधोमध नुसती साच्याची रेघ.
वरून पिंजरा, पत्र्याच्या नळ्यांचा, मोठ्या चेक्सचा.
पायाशी दोन इंची कॉक,
आणि तळ त्याच्याकडं जरासा उतरता,
शेवटचा घोट आत अडू नये म्हणून.
"हजार लिटर," दस्तगीर म्हणाला,
"रिकामी साठ किलो. भरली की एक टन,
मग तुझ्या बापालाबी हलायची नाही."

आमचा बोळ सदतीस इंच.
कापडात मी मार्जिन सोडतो,
पोरगं वाढलं की उसवून देतो.
पिंजऱ्याला काय उसवणार?

"मग ही घे, सहाशेची. साडेएकतीस रुंद, सरळ घुसंल."
लेबल खरवडलेलं. आत साबण होता म्हणे.
बालामणीनं झाकण पिळलं, नाक लावलं.
"साबण नाही," ती म्हणाली,
"भावजींचा शर्ट आहे हा."
सायण्णा एकवीस वर्षं
टॉवेलच्या डाय हाउसात असलेच कॉक सोडायचा.
आम्ही झाकण परत लावलं, घट्ट.

हजारचीच आणली. ग्लुकोजच्या पाकाची, बिस्किटवाल्यांकडची.
टेम्पोवाल्यानं बोळाच्या तोंडाशीच उतरवली,
बोद्दूलच्या जिन्याखाली.
त्यांच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण पाणीच.
मी कडी वाजवली. म्हणालो,
कॉक एकच आहे, पण टी लावली तर पाइप दोन निघतात.
बोद्दूल टाकीकडं बघत राहिला.
मग जिन्याखालची सायकल काढली.

पाचव्या दिवशी नळ आला, रात्री पावणेतीनला.
नळ्यांमागं पाणी चढत होतं,
अंगावर उठवलेले आकडे एकेक गिळत.
मी बॅटरी धरली. बोद्दूल चष्मा विसरून आलेला,
नाक पिंजऱ्याला लावून वाकला.
"सातशे," तो म्हणाला.
"साडेसातशे," मी म्हणालो.

कॉकच्या आट्यांत मुंग्या.
तीनदा धुतला, तरी.