ऐंशीला उकळतं

बाबांच्या चीजघरात पाणी ऐंशीला उकळतं.
शंभराला नाही. दोनशे बाराला तर नाहीच.
तांब्याच्या कढईशेजारी खिळ्याला टांगलेली लाकडी पट्टी,
तिच्यावर काचेची नळी, नळीत लाल रेघ,
आणि वर काळ्या अक्षरांत रेओमूर.
बर्फाला शून्य, वाफेला ऐंशी.
पुस्तकांनी ही मोजणी केव्हाच टाकून दिली;
पार्माच्या वरच्या या डोंगरात
तिला तसं कुणी कळवलं नाही.

सव्वीसला रेनेट. चव्वेचाळीसला जाळ बंद.
मधल्या आकड्यांना बाबांकडे नावं नाहीत,
फक्त कामं आहेत.

मी पंधरा वर्षं शिकागोत काढली.
तिथे पाणी बत्तीसला गोठतं.
पहिल्याच हिवाळ्यात रेडिओवरची बाई म्हणाली, उद्या वीस,
आणि मी पातळ जाकीट घालून फिरायला निघाले.
कोपऱ्यापर्यंत पोचले असेन.

यंदा नाताळात लेकीला घेऊन घरी आले,
आणि तिसऱ्या रात्री ओर्सोला तापाने फणफणली.
घाट बर्फाने बंद. डॉक्टर फोनवर.
माझ्या पिशवीतला थर्मामीटर म्हणाला, एकशे दोन.
शेजारची पाल्मीरा तिचा घेऊन आली: एकोणचाळीस.
दोघींचं बरोबर होतं, तरी आम्ही जरा भांडलोच.

बाबा खाली चीजघरात गेले.
पट्टी गरम पाण्याने धुतली, सदऱ्याला पुसली,
आणि पोरीच्या काखेत धरली, आडवी,
केवढी मोठी ती, तिच्या हाताएवढी.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

"एकतीस," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, एकतीस म्हणजे काय?
जास्त? कमी? काय करायचं?

"एकतीसला ढवळत राहायचं," ते म्हणाले.
"हात थांबवायचा नाही. थांबला की तळाला लागतं."

औषधाचे थेंब पाल्मीराने दिले.
आणि बाबांनी ओर्सोलाला खांद्यावर घेतलं,
चुलीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून चुलीपर्यंत,
अर्ध्या वर्तुळात, डावीकडून, कढईभोवती फिरावं तसे,
पहाटे साडेचारपर्यंत.
मला घ्यायला दिली नाही.
दोनदा विचारलं मी.

उजाडताना तिला घाम फुटला.
मी तिन्ही थर्मामीटर शोधत होते,
बाबांनी तळहात ठेवला आणि म्हणाले, राहू दे.

मग लिंडनच्या फुलांच्या काढ्यासाठी पाणी ठेवलं.
उकळी आली तेव्हा सवयीने पट्टी बुडवली मी:
सत्याहत्तर.
बिघडली, म्हटलं.
बाबांनी चष्मा न लावता बोट ठेवलं,
सत्याहत्तरपाशी लाकडात एक खाच होती,
चाकूने पाडलेली, धुराने काळवंडलेली,
त्यांच्याही वडिलांच्या हातची.

"ऐंशी खालच्या लोकांचं," ते म्हणाले.
"आपलं इथे उकळतं."

आणि खुर्चीतच झोपले, पट्टी मांडीवर,
लाल रेघ हळूहळू उतरत
खोलीएवढी होईपर्यंत.