हुकमाआधी

मिहानच्या काचेच्या इमारतीत रात्री दोनला
मी चिलीतल्या खाणींची बिलं तपासते.
तिकडे संध्याकाळचे साडेपाच.
तिकडून नीवेस बोलते. नीवेस म्हणजे बर्फ,
पण आवाज चुलीजवळ बसलेल्या बाईचा.
माझं नाव वैजयंती. ती वाचते ‘बाइहायांती’.
त्यांच्याकडे व चा ब होतो, ज चा ह,
आणि विजय मधल्या मध्ये कुठंतरी गळून पडतो.
मी दुरुस्त करत नाही.

बारा फेब्रुवारीला एका रकमेत अडलो,
स्वल्पविराम की टिंब.
सर्व्हर उठेपर्यंत ती म्हणाली,
आज चाकाबुकोच्या लढाईचा दिवस,
तो उतार दिसतो माझ्या खिडकीतून.
अठराशे सतरा.
मी म्हटलं, थांब. सतरा?

डोंगर ओलांडून आलेली फौज.
दहा हजारांच्या आसपास खेचरं.
हवा विरळ, म्हणून त्यांच्या नाकपुड्यांना लसूण चोळलेला,
माणसांच्या झोळीत कांदे.
पायदळात काळे गुलाम,
लढलात तर मोकळे, या बोलीवर.
समोर स्पेनच्या राजाचं निशाण
आणि निशाणाखाली बरेचसे तिथलेच,
तिच्याच पणजोबांच्या गावचे.
दोन तुकड्या, दोन वाटा.
एकीनं दुसरीसाठी थांबायचं होतं.
थांबली नाही.
हुकमाआधीच उतारावरून सुटली
आणि दुपार कलेपर्यंत स्पेन हरला.
‘त्या दिवसापुरता,’ नीवेस म्हणाली.
‘तुझ्या गावात काय झालं त्या वर्षी?’

माझ्या गावात, नोव्हेंबरात, बर्डी.
आज तिथं चपला, मोबाइलची कव्हरं, शंभरला तीन बनियन,
डोक्यावरून मेट्रो.
तेव्हा नुसत्या दोन टेकड्या, थोरली आणि धाकटी.
वर कंपनीचे शिपाई, मद्रासकडचे, बंगालकडचे.
खाली भोसल्यांची फौज,
झोपड्यांआडून नेम धरणारे अरब.
रात्रभर बंदुका.
सकाळी धाकटी टेकडी आपल्या हाती आली.
आपल्या म्हणजे अरबांच्या.
म्हणजे नेमकं कुणाच्या, हे मला स्पॅनिशमध्ये सांगता येईना.
मराठीतही कुठं येतं.
आणि इथंही तेच, नीवेस.
मनाई असताना एक घोडदळ हुकमाआधी सुटलं.
ते कंपनीचं.
मग टेकडीवर दारूचा गाडा उडाला,
आणि दुपारपर्यंत नागपूर हरलं.

ती हसली.
‘तुमच्याकडे चुकीच्या बाजूचे लोक हट्टी निघाले.’

सकाळी बाबांना सांगितलं.
सुखदेव हेडाऊ. किल्ल्यावरच्या लष्करी लंगरात
एकतीस वर्षं कांदे चिरलेला माणूस.
किल्ला उघडतो वर्षातून मोजक्या दिवशी.
सव्वीस जानेवारीला लोक इंग्रजांच्या खांबाशी फोटो काढतात,
बाबा आम्हाला भटारखान्यामागची मोरी दाखवतात.
राजा, निशाण, घोडदळ, सगळं त्यांनी ऐकून घेतलं,
दाढी करता करता.
मग म्हणाले, ‘दहा हजार खेचरं?
अन् पलीकडे उतरली किती?’
निम्मीसुद्धा नाही.
‘अन् ते गुलाम? झाले का मोकळे?’
विचारलं नाही, बाबा.
‘काहून नाही विचारलं?’

रात्री विचारलं.
नीवेस गप्प. मागं कुत्रा भुंकला,
कुणीतरी ओट्यावर भांडं ठेवलं.
‘कागदावर, हो. जे उरले ते.
नावांची यादी मी कधी पाहिली नाही.’
मग तिनं तीच रक्कम पुन्हा उघडली.
आम्ही टिंब ठेवलं.

घरी आले तर बाबा गॅसजवळ उभे,
ठेचलेली लसणाची पाकळी नाकाशी धरून,
डोळ्यांत पाणी.
‘खरंच आहे,’ म्हणाले.
‘श्वास मोकळा होते.’